जाऊन राहिली

भंडाऱ्याच्या बसस्थानकावर उतरलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते आणि डोक्यात एकच प्रश्न होता. पुण्याच्या वसतिगृहातला माझा खोलीमित्र धनराज कोरोनापासून माझ्याशी बोलेनासा का झाला? फोन उचलायचा नाही. शेवटी ‘तुझ्या गावी, मोहाडीला येतोय’ असं कळवलं, तर ‘ये’ एवढंच उत्तर आलं.

स्थानकात एका काकांना विचारलं, “मोहाडीची गाडी?”

“जाऊन राहिली ना!”

म्हणजे चुकली. मी निवांत तर्रीपोहे (वर चण्याचा झणझणीत रस्सा) मागवले. दुसऱ्या घासाला मोहाडीची पाटी लावलेली एसटी माझ्या डोळ्यांदेखत फाटकाबाहेर पडली.

काकांनी कपाळाला हात लावला. “सांगतलं होतं ना! काहून नाही बसले?”

इकडे ‘जाऊन राहिली’ म्हणजे ‘जाते आहे’. मला हसू आलं आणि लगेच मी चरकलो. टाळेबंदी लागली तेव्हा मी साताऱ्याला घरी होतो. धनराजचा संदेश आला होता, ‘गावाले जाऊन राहिलो.’ मला वाटलं, पोचला, तिथंच राहिलाय. अंगठा पाठवून मी मोकळा झालो होतो.

पुढच्या गाडीत खिडकी मिळाली. दोन्हीकडे बांध्यांत (खाचरांत) कापणीला आलेला धान, मध्येच शिंगाड्याच्या वेलींनी झाकलेली बोडी (लहान तळं). एरवी शेजाऱ्याला भंडावून सोडलं असतं. आज शिंगाडे कसे काढतात एवढंच विचारलं आणि उत्तर अर्धंच ऐकलं.

धनराज घ्यायला आला होता. खूप वाळला होता. घरी त्याच्या आईनं भात, वांग्याची भाजी वाढली. “खाय ना बाबू, लाजू नको,” म्हणत ती वाढतच राहिली.

जेवणानंतर आम्ही बोडीच्या पाळीवर (काठच्या बांधावर) शिंगाडे सोलत बसलो.

“टाळेबंदी लागली तेव्हा तू गेलाच नव्हतास?” मी विचारलं.

“गाडीच भेटली नाही. अकरा दिवस अख्ख्या मजल्यावर मी एकटाच होतो.”

“फोन का नाही केलास?”

“कोणाले करू? माझं नावच तुम्ही ‘काहून’ ठेवलं होतं. तोंड उघडलं का सगळे हसत. ऑनलाइन वर्गात तर मी माइकच बंद ठेवे. त्या खोलीत वाटे, मी नसलो तरी कोणाले फरक पडणार नाही. अजून डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत.”

ते नाव मीच ठेवलं होतं. लाज वाटली, आणि तसं सांगितलं. मग संदेशाचा घोळ सांगितला, चुकलेल्या एसटीसकट.

“म्हणजे तुले वाटलं, मी पोचलो?”

“हो.”

“अन् मले वाटलं, समजूनही तू नुसता अंगठा पाठवला.” त्यानं सोललेला शिंगाडा माझ्या हातावर ठेवला. “विचारलं असतं तर सांगतलं असतं ना.”

माफ केलं, असं काही तो म्हणाला नाही. संध्याकाळी गाडीत बसवून दिलं, बरोबर उकडलेले शिंगाडे दिले.

भंडारा मागे पडलं आणि फोन वाजला. धनराजनं स्वतःहून केला होता.

“कुठी आहेस?”

“जाऊन राहिलो,” मी म्हणालो.

मग तो हसला. “म्हणजे पोचला का?”

हाच प्रश्न तेव्हा मी त्याला विचारायला हवा होता.