मागांना हार घातले तो दिवस

माझ्या आत्याइतका यंत्रांचा मान ठेवणारी बाई अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरी झाली नसेल. माणसांशी ती फटकळ. सख्ख्या भावालाही, म्हणजे माझ्या वडिलांना, दारातूनच "काहून आलास?" असं विचारायची. पण घरात नवं काही येऊ द्या, स्टोव्ह असो की पाण्याचा पंप, लगेच हळदकुंकू, हार, नारळ. पूजा झालेल्या वस्तूला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, हा दसऱ्याचा नियम तिने बारमाही करून टाकला होता. कुकर आला त्या दिवशी आम्ही त्याच्याभोवती बसून भाकरी-ठेचा खाल्ला. माझ्या टाइपरायटरलाही तिने एकदा हार घातला आणि हिंगोलीला पाठवायचा अहवाल अडकवला. मी चिडले तर म्हणाली, "रोज बडवून राहिलीस त्याला. एक दिवस दम खाऊ दे की!"

हा टाइपरायटर आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावच्या घोंगड्यांच्या शेडमधला. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. परदेशातल्या एका मदतसंस्थेच्या पैशातून तिथे अकरा माग बसले होते आणि मेंढरांमागे रानोमाळ फिरणाऱ्या घरांतल्या बावीस बाया पाळीपाळीने त्यांवर विणत. हाताला काम मिळाल्यापासून त्या गावातच राहू लागल्या, त्यांची लेकरं शाळेत टिकली. मी तिथे कारकून, आत्या मुकादम. बायांना विणायला शिकवलं तिनेच, आणि स्वतः मागावर बसली की तिला जेवायला दोनदा बोलवावं लागे. मदतीची मुदत संपत आली होती. आणखी तीन वर्षं मदत द्यायची की शेडला कुलूप लावायचं, हे ठरवायला एक परदेशी पाहुणी येणार होती, तीही दोनच तासांसाठी.

तिची जीप आली, मी तिला आत नेलं आणि दारातच थबकले. अकराही माग झेंडूच्या हारांत बुडालेले. बाया ठेवणीतली लुगडी नेसून भिंतीला ओळीने बसलेल्या. पाहुणी येणार म्हणून आत्याने सकाळीच सगळ्या मागांची पूजा उरकली होती.

"आत्या, अगं तिला काम बघायचंय!"

"मग उद्या ये म्हणावं. पूजेतल्या मागाला हात लावायचा न्हाई."

मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत पाहुणीला आमची रीत समजावली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मागच्याच आठवड्यात दुसऱ्या एका गावी तिला एका दिवसापुरती उसनी आणलेली यंत्रं दाखवली होती, तीही अशीच फुलांत. "जे पाहीन तेच लिहीन," एवढं म्हणून तिने वही उघडली. भाषा न कळताही बाया काय ते समजल्या. मूळची पुसेगावची एक जण हळूच म्हणाली, "आत्याबाई, आमी पुन्हा मेंढरामागं जायचं का?"

आत्या उठली. पहिल्या मागाचा हार उतरवला, त्याच्या पाया पडली, "माफी कर माय" म्हणाली आणि बसली. बाकीच्या बाया उठायला लागल्या तशी ओरडली, "बसा खाली! कोणीच हात लावायचा न्हाई. मी एकटी बस झाले." आडवा धागा ओढत धोटा धावू लागला, पण तिची नजर सारखी उतरवलेल्या हाराकडे जात होती. अर्ध्या वितीवर धागा तुटला. तिच्या ध्यानात यायच्या आधीच भिंतीपासून बावीस आवाज एकदम उठले, "धागा तुटला! डावीकडं, डावीकडं!" एकीने जागेवरूनच हवेत गाठ मारून दाखवली. पाहुणीने आधी बायांकडे पाहिलं, मग प्रत्येक मागावरच्या अर्धवट घोंगडीकडे, आणि ती खळखळून हसली. मला भाषांतर करावंच लागलं नाही.

तीन वर्षांची मदत आली, शेड चालू राहिली. आत्या मात्र त्यानंतर कधीच मागावर बसली नाही. रोज यायची आणि उंबऱ्याशी लोकर पिंजत बसायची. मी फार मागे लागले तेव्हा म्हणाली, "राग यायचा तर माझ्या एकटीवर येऊ दे, म्हणून मी बायांना हात लावू दिला न्हाई. आता मला कोणत्या तोंडानं बसायचं तिथं?" मागाला राग नसतो, असं मी तिला किती वेळा सांगितलं. ती नुसतं "व्हय, व्हय" म्हणायची आणि पिंजत राहायची. बावीस बायांचं काम राहिलं आणि तिचं तेवढं गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं.