काचेच्या पेटीतली कामठ्याची माती

हे मी कोणाजवळच बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकींजवळ नाही. देवाजवळही नाही — त्याला काय, माहीतच असेल. तुम्हाला सांगून राहिले कारण तुम्ही आमच्या घरातले नाही. आणि असं समजू नका की मी झुरून राहिले. खाऊनपिऊन सुखी आहे, झोप चांगली लागते. तेच तर आहे ना — झोप लागते.

तेव्हा आपला जिल्हा भंडाराच होता, महाराष्ट्र व्हायचा होता. मी कामठ्याची, धानाच्या घरातली, लग्न होऊन गोंदियात आले. मामाजी, म्हणजे माझे सासरे, धानाचे अडते. मालाच्या कामाने कलकत्त्याला जायचे. तिथे कोणाच्या तरी बैठकीत त्यांनी काचेची पेटी पाहिली — आत पाणी, पाण्यात हिरवी झाडं, झाडांतून फिरणारे लाल मासे. बस्स, तेच डोक्यात बसलं. लोखंडाची चौकट करून घेतली, काचा लावल्या, मासे डब्यात घालून आगगाडीने आणवले. आता प्रश्न राहिला एकच. झाडं लावायची कशात?

हसू येतं आता, पण त्या मातीवरून आमच्या घरात काय वाद झाले! दुकानात येणारा प्रत्येक जण शहाणा. एक म्हणे नुसती रेती घाला — पण रेतीत झाड जगतं, वाढत नाही. दुसरा म्हणे काळी कन्हार माती घाला — ती तर पाण्यात पडली की चिखलाचं ताक. मी म्हटलं, कामठ्याच्या आमच्या बांधीतली, धानाच्या वावरातली माती आणू, धान पोसते ती झाडं नाही पोसणार? आणि माझी धाकटी जाऊ सुभद्रा, नवेगाव बांधची, पदर सावरत हळूच बोलली, “आमच्या तलावातला गाळ आना जी मामाजी. वरतून रेती टाका. पानी गढूळ नाही होत.”

मामाजींनी तिचं ऐकलं. घरात येऊन वर्ष झालं नव्हतं तिला, आणि तिचं ऐकलं. मला लागलं. सरळच सांगते, फार लागलं.

तिचा भाऊ मोठ्या हौसेने दोन डबे गाळ घेऊन आला. एक पेटीला पुरला, एक गोठ्यात ठेवला. खाली गाळ, वर धुतलेली रेती, त्यात तलावातलंच लांब पातीचं गवत. दोनचार दिवसांत काचेला टेकून पांढरी मुळं दिसायला लागली. सुभद्रा येताजाता पेटीपुढे उभी राही. म्हणे, आमच्या तलावात पांढरी फुलं येतात, पाण्यावर पसरलेली. इथं एक जरी आलं तरी मले माहेर भेटल्यासारखं होईल.

आणि मी काय केलं? दुपारी सारे आडवे झाल्यावर गोठ्यामागचं शेणखत घेतलं, मुठी भरभरून, आणि बोटांनी रेतीखाली दाबलं. काऊन? कामठ्यात खत टाकल्याशिवाय कोणी धानाचा रोवणा करते काय? वाटलं, झाडं जोमात येतील आणि मग मी म्हणेन, गाळाचं काही नाही, माझ्या हाताचं आहे. बांधीतलं पाणी वाहतं, पेटीतलं कोंडलेलं असतं — एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती. पण थांबा. एवढंच असतं तर सांगायला बसले असते काय?

पाणी पिवळं झालं. वास सुटला. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, आणि एका सकाळी सगळे पोट वर करून तरंगत होते. नेमका त्याच दिवशी सुभद्राचा भाऊ तिला सणाला न्यायला आलेला. मामाजी बैठकीत, चारचौघांत त्याला म्हणाले, “कुठची घान उचलून आनली रे बाबा?” मी दारात पोह्यांची बशी घेऊन उभी. तो न खाताच उठला. त्यानंतर बहिणीला न्यायला आला की रस्त्यावरच उभा राही, उंबरठा चढला नाही. सुभद्रा रडली ती माझ्याच खांद्यावर. मी तिची पाठ थोपटली. शेणखताचं मात्र सांगितलं नाही.

मग मामाजी म्हणाले, थोरल्या सुनेच्या गावची माती आणा. माझ्या भावाने पोतंभर आणली. पेटी भरायचं काम माझ्याकडेच आलं. आधी लोट्यात पाणी घेऊन थोडी टाकून पाहिली — संध्याकाळपर्यंत पाणी मातकटच. गोठ्यातला गाळ टाकला, तो चहा होईस्तोवर तळाला बसला. मला कळलं. कामठ्याची माती दोडक्याच्या वेलाला गेली आणि पेटीत गाळ गेला. नवेगावचाच. कोणाला बोलले नाही, वरून सांगितलं की गाळ मी फेकून दिला.

पेटी अशी फुलली म्हणता! नवे मासे जगले, पिलं झाली. दुकानात येणारे चहा पिता पिता विचारत, आणि मामाजी छाती काढून सांगत, “कामठ्याची माती.” मला आवडायचं ते. लाज वाटायची काय? वाटायची. आवडायचं जास्त.

मग एक दिवस रेतीतून एक पान वर आलं. लालसर, गुंडाळलेलं. पुढे उलगडलं तर गोल. गाळात त्या पांढऱ्या फुलाचं बी आलं असणार. असं पान धानाच्या बांधीत येत नाही, सुभद्राने पाहिलं असतं तर एका नजरेत ओळखलं असतं. मी बाही सारली आणि मुळापासून उपटलं. हात बाहेर काढते तोच ती मागे येऊन उभी.

“जाऊबाई,” ती म्हणाली, “आमच्याकडचं फूल इथं आलं असतं काय जी?”

“नाही,” मी म्हटलं. “एवढ्याशा पाण्यात येत नसते ते.”

“हो ना,” ती म्हणाली. “आन् माती बी तुमच्याकडची.”

पान माझ्या मुठीत होतं. ओघळ कोपरापर्यंत आला होता. तिने आपल्या पदराने माझा हात पुसला.

पेटी केव्हाच फुटली. मामाजी गेले, तिचा भाऊही गेला. आम्ही दोघी आहोत, एकाच चुलीवर, आणि बरं चाललं आहे आमचं. आता ती आत तांदूळ निवडून राहिली. हाक मारते आहे. जाते.