सी यू लेटर म्हणजे किती वाजता?

शब्दाचा अर्थ शब्दात असतो तेवढाच घेणारा माणूस जगात एकच जन्माला आला आणि नेमकं त्याच्याशी माझं लग्न लागलं. मिहिर, ओवी, तुम्ही पुण्यात वाढलात आणि आम्ही इकडे ऑस्ट्रेलियात, क्रेगीबर्नला तुमच्या आत्याकडे, त्यामुळे आजोबा तुम्हाला भेटले ते बहुतेक फोनच्या पडद्यावर. त्यातही निम्मा वेळ त्यांचं टक्कलच दिसायचं, कारण ‘आजोबा, फोन वर धरा’ असं तुम्ही ओरडलात की ते हात ताणून फोन वर धरायचे आणि ‘आता खाली’ असं कोणी म्हणेपर्यंत तसाच धरून ठेवायचे. त्या टकलाच्या खाली केवढा माणूस होता हे तुम्हाला कळावं, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या लग्नापासूनच सुरुवात करते. आजोबा तेव्हा सैन्यात होते, गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीत, आणि लग्नापुरती सुट्टी घेऊन आलेले. अंतरपाटाच्या पलीकडे ते, अलीकडे मी. गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक संपवत छान लांबवून ‘सावधान’ म्हटलं आणि पलीकडे पाट दाणकन वाजला. मला वाटलं नवरदेव पडला. पुढचं मंगलाष्टक, पुन्हा ‘सावधान’, पुन्हा दाणकन! अखेर अंतरपाट दूर झाला, वाजंत्री सुरू झाली, अक्षतांचा पाऊस पडला आणि मी हार घेऊन उभी. तर समोर छाती पुढे, हनुवटी वर, हात मांड्यांना चिकटवलेले, असा एक खांब. मान काही वाकेना. मी चवड्यांवर उभी राहिले, माझी मैत्रीण ‘अहो, जरा खाली वाका’ म्हणून कुजबुजली, पण सैन्यात बायकांचं कुजबुजणं हुकूम म्हणून धरत नसावेत. शेवटी माझा मामा मांडवाच्या टोकावरून गरजला, ‘विश्राम!’ त्याबरोबर खांब सैल झाला, मान वाकली आणि मी एकदाची सौभाग्यवती झाले.

हसा खुशाल, पण याच स्वभावापायी मी आयुष्यभर एका शब्दासाठी झुरले. आपल्याकडे घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला निघालेलासुद्धा ‘येतो’ म्हणतो. तुमचे आजोबा सीमेवर जायला निघत आणि उंबऱ्यात उभे राहून खणखणीत आवाजात सांगत, ‘जातो.’ माझ्या सासूबाई डोळ्यांना पदर लावून म्हणत, ‘अरे, येतो म्हण रे बाबा!’ हे ट्रंक खांद्यावर घेत उत्तर देत, ‘आई, जायचा हुकूम आलाय. यायचा आला की कळवतो.’ एकदा मी त्यांना एकटं गाठून विचारलं, ‘अहो, एक शब्द म्हणायला तुमचं काय जातं?’ तर म्हणाले, ‘मास्तरीणबाई,’ (मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून हे नाव) ‘येतो म्हटलं म्हणजे शब्द दिला. आणि नाहीच येता आलं तर? मी दिलेला शब्द मोडलेला तुला चालेल?’ ते गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले की मीच दाराआड उभी राहून त्यांच्या वतीने हळूच ‘येतो’ म्हणून टाकायची. आणि ते यायचे. दरवेळी ट्रंक दारात ठेवून तितक्याच खणखणीत आवाजात सांगायचे, ‘आलो.’ जणू मला दिसतच नव्हतं.

सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले ते शनिवारी, आणि सोमवारी हडपसरच्या एका गॅरेजमध्ये कामाला लागले. रविवार मध्ये आला म्हणून, नाहीतर तोही सोडला नसता. हातांना काळं ग्रीस असल्याशिवाय या माणसाला जेवण गोड लागत नसे. तुमच्या बाबांचं इंजिनिअरिंग आणि आत्याचं नर्सिंग त्या काळ्या हातांनी झालं, हे तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं असेलच. नसेल तर आज जेवताना विचारा. पुढे आत्याने आम्हाला कायमचं इकडे बोलावलं, ‘बाबा, आता फक्त आराम करायचा’ या अटीवर. आजोबांनी आराम केला. विमानात. इथे लोक जुनं सामान घराबाहेर फुटपाथवर ठेवतात आणि नगरपालिकेची गाडी येऊन ते घेऊन जाते. गाडीच्या आधी तुमचे आजोबा जायचे. बंद पडलेले व्हॅक्यूम क्लीनर, लंगड्या खुर्च्या, गवत कापायची मशिनं, सगळं गॅरेजमध्ये येऊन बरं व्हायचं आणि ज्याचं त्याला परत जायचं. एकदा आत्या वैतागून म्हणाली, ‘बाबा, ऑस्ट्रेलियातला कचरा ऑस्ट्रेलियात राहू द्या ना!’ हे शांतपणे म्हणाले, ‘राहू दिलाय की. आपलं गॅरेज काय बारामतीत आहे?’

मग त्यांना नोकरी लागली. शाळेपाशी मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा, हातात काठीला लावलेली ‘थांबा’ची गोल पाटी. इथे त्या माणसाला प्रेमाने लॉलीपॉप मॅन म्हणतात. आजोबांनी पुण्याला फोन करून अभिमानाने सांगितलं, ‘मी लॉलीपॉपवाला झालो.’ तुमचे बाबा आत्यावर केवढे भडकले! ‘ताई, या वयात त्यांना गोळ्या विकायला लावतेस?’ आजोबांनी ती नोकरी अशी केली, की जणू पलीकडचा फुटपाथ म्हणजे परकी हद्द. बुटांना पॉलिश, टोपी सरळ, आणि हुकूम सगळे पलटणीतले. ‘थम!’ म्हणाले की चिनी, लेबनीज, पंजाबी, गोरी, सगळी पोरं जागच्या जागी थिजायची; ‘तेज चल!’ म्हणाले की तुरुतुरु पलीकडे. एक आई मला सुपरमार्केटात भेटून विचारत होती, ‘थम म्हणजे काय हो? माझा मुलगा घरी कुत्र्याला तेच म्हणतो. आणि कुत्रा ऐकतो.’

पण आजोबांची खरी दोस्ती झाली शेजारच्या केविनशी. केविन म्हणजे आयुष्यभर ट्रक चालवलेला, बायको गेल्यापासून एकटा राहणारा, मोठ्या पोटाचा आणि मऊ बोलण्याचा म्हातारा. पहिल्याच दिवशी कुंपणावरून दोन शब्द बोलून तो ‘सी यू लेटर, मेट’ म्हणाला आणि आत गेला. आजोबा घरात आले ते फर्मान घेऊनच. ‘चहा टाक. शेजारी येणार आहेत.’ ‘किती वाजता?’ ‘लेटर.’ गॅरेजचं दार उघडून दोन खुर्च्या मांडल्या, शर्ट बदलला, आणि बसले. चहा दोनदा गरम झाला. केविन त्याच्या खिडकीत आरामात टीव्ही बघताना दिसत होता. ‘अहो, इथे नुसतं म्हणायची पद्धत असते,’ मी म्हटलं. ‘पद्धत कसली? भेटतो म्हणाला म्हणजे भेटायला नको?’ दुसऱ्या दिवशी सकाळी हे त्याच्या दारात हजर. ‘मिस्टर केविन, यू सेड लेटर. आय वेटेड.’

बिचारा केविन! आधी गोंधळला, मग त्याच्या लक्षात आलं, आणि मग इतका लाजला, की म्हणाला, ‘सॉरी मेट. आय विल कम दिस आर्वो.’ आर्वो म्हणजे इथल्या बोलीत दुपार. हे मला ठाऊक होतं, पण निरोप माझ्यापर्यंत आला तो असा: ‘केविन येतोय, आणि त्याच्याबरोबर आर्वो नावाचं कोणीतरी आहे. तीन कप ठेव.’ दुपारी तीन खुर्च्या, तीन कप, मध्ये चकल्यांची बशी. केविन एकटाच आलेला बघून आजोबांनी रस्त्याकडे मान लांबवून काळजीने विचारलं, ‘व्हेअर इज मिस्टर आर्वो?’ केविन हसून हसून खुर्चीतून घसरला. त्या दिवसापासून रोज दुपारी तो चहाला यायचा आणि तिसऱ्या रिकाम्या खुर्चीकडे बघून विचारायचा, ‘आर्वो लेट अगेन?’

असंच एकदा चहा संपवून तो निघाला. मी त्याला थोडं मराठी शिकवलं होतं, म्हणून म्हटलं, ‘केविन, आमच्याकडे निघताना येतो म्हणतात.’ त्याने अर्थ विचारला. मी सांगितलं, ‘मी येतो, आय कम.’ ‘पण मी तर जातोय!’ ‘हो, म्हणूनच.’ तो मांडीवर थाप मारून म्हणाला, ‘म्हणजे सी यू लेटरच की!’ मग आजोबांकडे वळून, ‘तू काय म्हणतोस रे निघताना?’ माझ्याने राहवलं नाही. इतक्या वर्षांची तक्रार मी शुद्ध इंग्रजीत मांडली. सीमेवर जाताना ‘जातो’, बाजारात जाताना ‘जातो’, रोज सकाळी ती पाटी घेऊन निघताना ‘जातो’. केविनने मान हलवली. ‘मेट, बायकोला असं सांगतात का? मेल्यासारखं वाटतं ते.’ आजोबा ताठ बसून म्हणाले, ‘पण येईन की नाही हे मला ठाऊक नसतं. खोटं कसं बोलू?’ ‘कोणालाच ठाऊक नसतं,’ केविन म्हणाला. ‘म्हणून तर म्हणायचं.’ आजोबा बिस्किट चहात बुडवून बसले, ते बुडूनच गेलं.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी धोका समजावून सांगितला, आणि आजोबांनी त्यांना ‘थँक यू फॉर क्लिअर ब्रीफिंग’ असं सांगितलं. सकाळी त्यांना आत न्यायला आले तेव्हा आत्या एका बाजूला, मी दुसऱ्या. नर्सने ‘रिलॅक्स’ म्हटलं, तर हे ताठ पडून राहिले; मी कानाशी वाकून ‘विश्राम’ म्हटलं, तेव्हा कुठे खांदे सैल पडले आणि ते हसले. स्ट्रेचरची चाकं हलली. त्यांनी सवयीने तोंड उघडलं, ‘जा...’ आणि थांबले. मी बघत होते. म्हणा ना हो, एवढा एकच शब्द, असं मी मनात म्हणत होते, पण ओठ मिटलेलेच ठेवले. सांगून म्हणवलेला शब्द मला नको होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि तोच खणखणीत आवाज जमेल तितका काढून म्हणाले, ‘सी यू लेटर, मेट.’

आत्या रडता रडता हसली. ते दार बंद झालं आणि मी वर्षानुवर्षांच्या सवयीने हळूच म्हटलं, ‘येतो.’ पण या वेळी त्यांच्या वतीने बोलायची गरज नव्हती, ते स्वतः बोलून गेले होते.

ते परत आले नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. शाळेपाशी आता एक तरुण बाई ती पाटी धरतात; पोरं ‘स्टॉप’ला रेंगाळतात, म्हणून त्यांनी माझ्याकडून ‘थम’ शिकून घेतलं. केविन रोज दुपारी येतो. पहिल्या दिवशी मी चहा बाहेर आणला तेव्हा त्याने ट्रेमधले तीन कप बघितले आणि टोपी काढून हातात घेतली. ‘तिसरा कोणाचा?’ त्याने अगदी हळू विचारलं.

‘आर्वोचा,’ मी म्हटलं. ‘लेट आहे.’

केविन हसला नाही. उठला, तिसरी खुर्ची भिंतीच्या सावलीतून ओढून उन्हात ठेवली आणि परत येऊन बसला.