पडता न येणारी पोरगी

वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात मुलींच्या कबड्डी संघाची निवड माझ्याकडे होती. अल्लीपूरच्या एका बुटक्या पोरीनं दोन वर्षं चढाया करून संघ एकटीनं तारला होता. त्या वर्षी मात्र मला नालवाडीची एक उंच पोरगी दिसली. वाऱ्यासारखी पळायची, उडीत सगळ्यांना मागं टाकायची. कबड्डीचा सामना एकही खेळली नव्हती. मी म्हटलं, खेळ शिकवता येतो, उंची शिकवता येत नाही. असली वाक्यं तेव्हा मला फार आवडायची.

अल्लीपूरच्या पोरीला मी राखीवमध्ये टाकलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, तिले पडता येत नाई. आमी नांगरलेल्या वावरात खेळून पडणं शिकलो. तिले इतक्यात उतरवू नका."

मला वाटलं, जळते मेली.

पहिल्याच सामन्यात, पहिल्याच चढाईत समोरच्या चौघींनी उंच पोरीचा पाय धरला. ती पडलीच नाही. गुडघा पिळवटत गेला तरी सगळी ताकद लावून ताठ उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. राखीव बाकावरची पोरगी तेवढ्यात बर्फ आणायला धावत सुटली होती.