चेक लोकांच्या चर्चमध्ये आई
परवा करंज्यांच्या सारणासाठी खसखस भाजली आणि त्या वासाने टेक्सासमधलं एक जुनं लाकडी चर्च आठवलं. दोन हजार चार साल असेल. आई नागपूरहून पहिल्यांदाच आमच्याकडे प्लेनोला आली होती आणि मी तिला घेऊन ऑस्टिनला निघाले होते. वाटेत शेतांमध्ये ते पांढरं चर्च दिसलं तशी ती म्हणाली, “थांब गं, आत जाऊन बघू.” आत सगळं छत निळं, त्यावर सोनेरी चांदण्या आणि हाताने रंगवलेल्या वेली. वेदीवरची फुलं बदलणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला खसखशीचं सारण भरलेले गोड पाव दिले आणि सांगितलं, की हे चर्च युरोपातून बोटीने आलेल्या चेक लोकांनी बांधलं, त्यांत या बाईंची आजीही होती; गावाकडच्या चर्चसारखंच छत तिला इथे हवं होतं. मी आईला मराठीत सांगत गेले. सगळं ऐकून ती म्हणाली, “त्यांना विचार, त्या आजीच्या आईचं काय झालं?” “ती तिकडेच राहिली,” बाई म्हणाल्या, “पुन्हा भेट झालीच नाही.” आई त्यांचा हात धरून कितीतरी वेळ उभी होती. गाडीत मी म्हटलं, “अगं, आता विमानं आहेत, मी येत राहीन ना!” “ये हो,” म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. काही वर्षांनी नागपुरात ती गेली, तेव्हा मी विमानातच होते. आता इथे कुणाची आई इंडियातून आलीय असं कळलं, की मी उगाचच तिला भेटायला जाते.