लेकीचं वजन मी खोटं सांगितलं

मैत्रिणींनो, आज मनाला लई लागलंय, म्हणून लिहिते.

माझी लेक सुनीता आरोग्याच्या कामासाठी नेकनूरच्या वस्त्यांवर फिरते. वाट सगळी दगडगोट्यांची. तिच्यासाठी बॅटरीवरची गियरची सायकल घ्यायला आम्ही बीडला गेलो. दुकानदारानं विचारलं, "चालवणाऱ्याचं वजन किती?"

ती बोलायच्या आत मी म्हणाले, "सत्तर." स्थळ घेऊन येणाऱ्यांना सांगून सांगून तोच आकडा तोंडात बसलाय. त्यानं लगेच हलकी सायकल पुढं केली.

सुनीता म्हणाली, "आई, हितं कुणी मला बघायला आलंय का? दादा, पंच्याण्णव हाय. वर औषधांची पिशवी."

"बरं झालं सांगितलं, ताई. उतारावर हिचे ब्रेक पुरले नसते," म्हणत त्यानं जाड फ्रेमची, रुंद टायरची सायकल काढली. तीच घेतली.

माझे मालक हयात असते, तर त्यांनी खरं वजन कौतुकानं सांगितलं असतं. मी मात्र लाजेपायी पोरीचा जीव धोक्यात घालत होते.

घरी येऊन मी माफी मागितली. ती म्हणाली, "राहू दे गं. पुढच्या पाहुण्यांना तेवढं खरं सांग."

मला जमेल का? तुमच्यापैकी कुणाला जमलंय?