थोरलीचं प्रकरण

कॉलेजात सर वर्गात आले म्हणून कोणी उभं राहत नाही. शालनताई राहायच्या. पहिल्या बाकावरून उठायच्या, पदर सारखा करायच्या आणि सर ‘बसा’ म्हणेपर्यंत तशाच उभ्या असायच्या. मागून कोणीतरी खुसखुसायचं. सुरुवातीला देसाई सरही अवघडले. ‘अहो, तुम्ही बसत जा, इथे तशी पद्धत नाही,’ असं त्यांनी सांगून पाहिलं. त्यावर त्या म्हणाल्या, ‘सर, माझं उठून उभं राहायचं राहून गेलंय. तेवढं करू द्या.’ सरांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

परळच्या त्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मी गेले, तेव्हा माझ्या शेजारी येऊन बसलेल्या या पन्नाशी ओलांडलेल्या बाई कोणाची तरी आई असतील असं मला वाटलं होतं. मी नम्रपणे सांगितलं, ‘मावशी, पालकांना बसायला खाली ऑफिसजवळ जागा आहे.’

त्यांनी पिशवीतून वही काढली. ‘तू विद्यार्थी ना?’

‘हो.’

‘मी पण. म्हणजे दोघी बरोबर जागी आलोय.’ मग जरा थांबून, ‘आणि मावशी घरी आलीस की म्हण. एका बाकावर बसतो आपण. वर्गात शालन म्हणायचं.’

शालन म्हणायला माझी जीभ रेटेना. शेवटी शालनताईवर तडजोड झाली.

शालन गायकवाड वरळीच्या बीडीडी चाळीत राहायच्या आणि परळच्या एका हॉस्पिटलात आया होत्या. नवरा टॅक्सी चालवायचा, मुलगी लग्न होऊन भांडुपला गेलेली. सतरा नंबरचा फॉर्म भरून त्यांनी आधी दहावी केली, मग बारावी. रात्रपाळी उतरल्या की तिथेच तोंड धुऊन, साडी बदलून चालत कॉलेजात यायच्या. इतिहासाच्या तासाला डोळे मिटायला लागले की सरळ उठून मागे भिंतीला टेकून उभ्या राहायच्या आणि तिथूनच वहीत लिहायच्या. पहिल्या वर्षी इंग्रजीत त्यांना केटी लागली. मला वाईट वाटलं. त्यांना नाही. ‘पुन्हा बसायला मिळणार म्हणजे,’ त्या म्हणाल्या. काही कळलं नाही की भर वर्गात हात वर करायच्या. ‘समजलं नाही तर समजलं नाही म्हणायचं. मान काय, नंदीबैल पण हलवतो.’ मी आणि माझ्यासारखी पोरं मान हलवणाऱ्यांतली होतो.

माझ्यासाठी शाळा म्हणजे लालबागच्या आमच्या घरात नळाला येणारं पाणी होतं. वेळेवर येतं, म्हणून त्याचा कोणी विचार करत नाही. दप्तर, डबा, क्लास, परीक्षा, सगळं आपसूक होत गेलं. बी.ए.सुद्धा त्याच ओघात सुरू झालं होतं. शेजारी एक बाई झोप मोडून शिकते आहे, हे मी पाहत होते, पण ते मला जरा गमतीचं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी आम्हाला एका लेखिकेचं आत्मकथन नेमलं होतं. लहान गावातली गरिबाघरची मुलगी, तिला शाळेची ओढ, पुढे एक चांगल्या शिक्षिका भेटतात, मुलगी शिकते आणि मोठ्या पदावर पोचते. वाचताना मी दोनदा रडले होते. देसाई सर तरुण होते आणि मन लावून शिकवायचे. त्यांनी विचारलं, ‘या पुस्तकातून शाळेबद्दल तुम्हाला काय जाणवलं?’ आम्ही गाईडमधली उत्तरं दिली. जिद्द. संघर्ष. शिक्षणाने माणूस घडतो.

शालनताई उठल्या. ‘सर, हिची थोरली बहीण कुठे गेली?’

सरांनी पानं चाळली. ‘सुरुवातीला तिचा उल्लेख आहे. पुढे नाही.’

‘तेच म्हणते मी. शाळेच्या पहिल्या दिवशी हिची वेणी ताईने घातली, एवढं लिहिलंय. पण वेणी घालणारी पण मुलगीच होती ना सर? ती का गेली नाही शाळेत? त्याला एक ओळ लागते.’

वर्गात थोडं हसू पसरलं. सर हसले नाहीत. ‘आत्मकथन लेखिकेचं आहे, शालनताई. काय सांगायचं आणि काय नाही, हे तिने ठरवायचं. आणि असंही असेल की ती विसरली नसेल. तिला लिहवलं नसेल. माणसाला काही गोष्टींबद्दल फार वाटतं, आणि नेमक्या त्याच कागदावर येत नाहीत.’

शालनताई उभ्याच राहिल्या. असा विचार त्यांनी केला नव्हता. ‘असं असेल?’ एवढंच म्हणून त्या हळूच खाली बसल्या. तासभर त्यांनी वहीत काही लिहिलं नाही.

नंतर कँटीनमध्ये चहा घेताना त्यांनी मला सगळं सांगितलं. त्या सातवीत असताना गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील गिरणीत, ते घरी बसले. आई धुण्याभांड्याची कामं करायला लागली. घरात पाळण्यातली बहीण आणि पहिलीतला भाऊ, आनंद.

‘एक दिवस धाकटीला ताप आला. आई म्हणाली, आजचा दिवस राहा घरी. राहिले. दुसऱ्या दिवशी पण तेच म्हणाली. कोणी मला शाळा सोड बोललं नाही ग. ओरडलं नाही, मारलं नाही. आजचा दिवस राहा, एवढंच. तो आजचा दिवस काही संपलाच नाही.’

‘शाळेतून कोणी आलं नाही?’

‘बाई आल्या होत्या ना. मी पोरीला खांद्यावर घेऊन दारात उभी. त्यांनी बघितलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेल्या. त्या तरी काय बोलणार होत्या? सगळं दिसतच होतं.’

आनंद शिकला, इंजिनियर झाला, ठाण्याला राहायला गेला. चाळीच्या विहारात त्याचा सत्कार झाला तेव्हा भाषणात तो म्हणाला, माझ्यामागे कोणी नव्हतं, मी एकट्याने शिकलो. शालनताई पुढे सतरंजीवर बसलेल्या होत्या. सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

‘तो वाईट नाही हां,’ त्या घाईने म्हणाल्या. ‘दर रविवारी फोन करतो. पण ते वाक्य मला रुतून बसलंय. आता सर म्हणतात तसं असेल का? बोलवत नसेल त्याला?’ त्यांनी चहा संपवला. ‘विचारून बघते.’

‘लेखिकेला?’

‘ती कुठे भेटणार मला? आनंदला.’

रविवारी त्या ठाण्याला जाऊन आल्या. सोमवारी बाकावर बसल्या बसल्या मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या वहीचं कव्हर नखाने कुरतडत होत्या.

‘मी विचारलं, आनंद, मी शाळेत जायचे ते तुला आठवतं का? तो बघतच राहिला माझ्याकडे. म्हणाला, ताई, तू शाळेत जायचीस?’

मला रागच आला. ‘असं कसं विसरतं कोणी?’

‘विसरायला आधी माहीत असावं लागतं,’ शालनताई म्हणाल्या. ‘सहा वर्षांचं पोर होतं ते. त्याला कळायला लागल्यापासून मी घरातच. त्याला वाटलं, घरात पोळपाट असतो, स्टो असतो, तशी ताई असते. त्याला कोणी सांगितलंच नाही. आईने नाही, मी पण नाही.’

‘मग तुम्ही काल सांगितलंत?’

‘नाही. तोंडाने बोलले असते तर वाटलं असतं, ताई आता वसूल करायला आली. मी लिहिणार.’

त्या सत्रात आम्हाला त्याच पुस्तकावर निबंध लिहायचा होता. शालनताईंनी सरांना विचारलं, ‘थोरलीचं प्रकरण लिहिलं तर चालेल? पुस्तकात राहिलंय ते?’

सर प्रामाणिक होते. ‘प्रश्नाला धरून होणार नाही. मार्क कमी पडतील.’

‘पडू द्या.’

पुढचा महिनाभर त्या लिहीत होत्या. कँटीनमध्ये, लायब्ररीत, ड्युटीवर चढण्याआधी हॉस्पिटलच्या पायरीवर. शुद्धलेखन कच्चं होतं, ते माझ्याकडून तपासून घ्यायच्या. मी एखादं वाक्य सुंदर करायला गेले की लगेच थांबवायच्या. ‘वेलांटी बघ फक्त. नटवू नकोस. ती घरात नटून बसायची नाही.’

लिहून झालं तेव्हा सरांनी दोन वर्ग एकत्र करून वाचन ठेवलं. शालनताईंनी भावाला बोलावलं होतं. आनंदराव बायकोबरोबर आले. उंच, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. सरांना ‘जयभीम’ म्हणाले, मी दाखवलेल्या शेवटच्या बाकावर बसले आणि गुडघे मावेनात म्हणून बराच वेळ चुळबुळत राहिले.

शालनताई चष्मा लावून फळ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी त्या आत्मकथनातल्या थोरल्या बहिणीच्या तोंडून लिहिलं होतं, धाकटीला उद्देशून. पण गाव पुस्तकातलं नव्हतं. शाळेची घंटा ऐकू येणारी चाळीतली खोली होती.

त्यातलं काही मला अजून पाठ आहे. ‘पहिली घंटा झाली की मी भात टाकायचे. मधल्या सुट्टीची झाली की धाकट्या बाळाची आंघोळ. शेवटची झाली की तू येणार म्हणून चहा. माझी शाळा सुटली, पण शाळेचं वेळापत्रक मी पाळत होते.’ पुढे होतं, ‘तू घरी येऊन मोठ्याने धडा वाचायचीस. मी भाकरी थापत ऐकायचे. परीक्षा तू दिलीस, धडा दोघींनी केला.’ आणि शेवटी, ‘तू शिकलीस याचं मला वाईट वाटत नाही. तू शिकावंस म्हणून मी त्या घंटा मोजल्या. तू मोठी झालीस, पुस्तक लिहिलंस, चांगलं केलंस. फक्त त्या पुस्तकात एक दिवस मलाही शाळेत जाताना दाखव.’

त्यांनी कागद खाली ठेवला. मी आजवर मोठी माणसं पाहिली होती ती फोटोत किंवा स्टेजवर. इथे माझ्या बाकावरची एक बाई आयुष्यभराची गोष्ट सगळ्यांसमोर ठेवून मोकळी झाली होती, आणि तिने कोणाकडे बोट दाखवलं नव्हतं, की काही लपवलंही नव्हतं. मला त्या क्षणी त्यांच्या शेजारी बसायचीही भीती वाटली.

आनंदराव बाकांमधून वाट काढत पुढे आले.

‘ताई, कोणत्या शाळेत होतीस तू?’

‘तुझ्याच. वरच्या मजल्यावर.’

त्यांनी मान खाली घातली. मग बहिणीची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि ती तिघं बाहेर पडली. शालनताईंनी नंतर सांगितलं, तिथून ती तिघं थेट त्या शाळेत गेली. शिपायाने आत सोडलं. वरच्या मजल्यावरचा वर्ग त्यांनी भावाला दाखवला, आपली जागाही दाखवली. पुढच्या जयंतीला विहारात आनंदरावांना पुन्हा बोलायला उभं केलं, तेव्हा त्यांची सुरुवात होती, ‘मी ज्या शाळेत शिकलो, तिथे माझ्या आधी माझी ताई होती.’ हे सांगताना शालनताईंचा चेहरा मी पाहिला. पहिलीतलं पोर पास झाल्यासारख्या त्या खूश होत्या.

सरांनी त्या लेखनाला बेताचेच मार्क दिले. शालनताईंना ते रास्त वाटलं. ‘प्रश्नाला धरून नव्हतंच ते,’ त्या म्हणाल्या.

तिसरं वर्ष संपलं. त्यांना सेकंड क्लास मिळाला, इंग्रजीही सुटलं. त्याच सुमारास त्यांची चाळ रिकामी व्हायला लागली आणि नव्या टॉवरमध्ये जायची तयारी सुरू झाली. मी सामान बांधायला मदत म्हणून गेले. मी बी.एड.ला जाणार होते, त्या एम.ए.ला बाहेरून बसणार होत्या. आता रोज एका बाकावर बसणं नव्हतं. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता मी त्यांना म्हणाले, ‘माझी आईपण शाळा सोडून मुंबईला आली. कितवीत सोडली, का सोडली, मला काहीच माहीत नाही. विचारलं की ती टाळते.’

‘कधी विचारतेस?’

‘दुपारी, निवांत बसली असली की.’

‘चुकतंय तुझं. बाई निवांत असली की काही नाही ग म्हणते. हात कामात असताना विचार. हात कामात असले की तोंड खरं बोलतं.’

मी घरी आले तेव्हा आई ओट्याशी बांगडे साफ करत होती. आमचं मूळ गाव कणकवलीकडचं, आणि आई घरात अजून मालवणीच बोलते. मी दाराला टेकून विचारलं, ‘आई, तू शाळेत कशी होतीस?’

‘आता ह्या मधीच खयसून काढलंस?’ ती म्हणाली. सुरी चालू होती. तिने एक बांगडा साफ केला, दुसरा घेतला. मी तिथेच थांबले. नळाखाली हात धरून ती काही वेळ पाण्याकडे पाहत राहिली.

दहावीपर्यंत माझा गणिताचा क्लास होता आणि आई रोज मला सोडून, सुटेपर्यंत बाहेर जिन्यात, आतलं ऐकू येईल अशा पायरीवर बसून राहायची. तिला कंटाळा येत असेल, असंच मला वाटायचं.

‘माका गणित बरा येय,’ आई म्हणाली.